व्हेरिटीची नोकरी

यॉर्कशायरच्या संघात डावखुऱ्या फिरकीची जागा रिकामी होणं ही पिढीत एखाद्या वेळीच घडणारी गोष्ट होती. टेड पीट गेला तेव्हा बॉबी पील आला. पीलला १८९७ साली दारूपायी काढून टाकलं, आणि पुढच्याच हंगामात विल्फ्रेड ऱ्होड्स नावाचा वीस वर्षांचा पोरगा आला. तो १९३० पर्यंत जागचा हलला नाही. प्रथम श्रेणीत चार हजारांहून अधिक बळी घेऊन, वयाच्या ५२व्या वर्षी तो थांबला.

त्याच्यामागे हे काम रॉय किल्नर सांभाळणार असं सगळे धरून चालले होते. किल्नर कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातला, हसतमुख, लोकांचा अतिशय लाडका. १९२५ साली त्याच्या मदतीसाठीच्या बेनिफिट सामन्याला चार हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली, त्या काळी डोळे विस्फारावेत अशी. पण इंग्लंडात क्रिकेट उन्हाळ्यापुरतं. हिवाळ्यात हाताला काम हवं म्हणून व्यावसायिक खेळाडू परदेशात शिकवणी धरायचे. किल्नर १९२७-२८च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात शिकवायला आला, विषमज्वर घेऊन परतला आणि ५ एप्रिल १९२८ रोजी बार्न्सलीत वारला. वय ३७. त्याच्या अंत्ययात्रेला लाखभर माणूस लोटला, असं सांगतात. पन्नाशी ओलांडलेल्या ऱ्होड्सवरच यॉर्कशायरला आणखी तीन हंगाम काढावे लागले.

हेडली व्हेरिटीला नोकरी मिळाली ती या जागेवर. महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांतला व्यावसायिक कौंटी क्रिकेटपटू म्हणजे कोण, तो काय करायचा, कशावर जगायचा, हे समजून घ्यायला व्हेरिटीइतका चांगला माणूस मला दुसरा दिसत नाही.

मी स्वतः डावखुरी फिरकी टाकली. मुंबईत पावसाळ्यात कांगा लीग, पाऊस सरला की बँकेच्या संघातून टाइम्स शील्ड. आता मैदानावर पोरांना शिकवतो. आमच्या पिढीला क्रिकेटमुळे बँकेत, गिरणीत, कंपनीत नोकरी मिळाली. विकेट मिळो न मिळो, महिनाअखेर पगार हातात पडायचा, प्रॉव्हिडंट फंड कापला जायचा, खेळ थांबल्यावरही टेबल-खुर्ची शाबूत असायची. व्हेरिटीची नोकरी म्हणजे गोलंदाजी हीच. हा फरक मनात धरून मी त्याच्याबद्दल वाचत आलो आहे, आणि दर वेळी त्याच्याविषयीचा आदर वाढलाच आहे.

व्हेरिटीचा जन्म १८ मे १९०५चा, लीड्समधल्या हेडिंग्लीचा, म्हणजे कसोटी मैदानाच्या परिसरातला. वडील कोळशाच्या धंद्यात. शाळा सुटल्यावर तोही काही काळ त्याच कामात होता. पण त्याला क्रिकेटवरच पोट भरायचं होतं. यॉर्कशायरचं दार पटकन उघडत नाही हे पाहून त्याने शेजारच्या लँकेशायरमधल्या लीगची वाट धरली. १९२७ साली ॲक्रिंग्टन क्लब, मग मिडलटन. तिथे संघात पैसे घेऊन खेळणारा बहुधा एकच गडी असे. बाकीचे गिरणीतले, दुकानातले, शनिवारी दुपारी खेळायला येणारे. साऱ्या गावाची नजर त्या एकावर. अर्धशतक केलं किंवा डाव गुंडाळला तर मैदानात टोपी फिरायची आणि नाणी जमायची. ॲक्रिंग्टनला व्हेरिटीचं फारसं जमलं नाही. मधल्या काळात वॉरविकशायरकडे चाचणी दिली. त्यांनी घेतलं नाही.

तोवर तो मध्यमगती स्विंग टाकणारा गोलंदाज होता. यॉर्कशायरचे जुने अष्टपैलू जॉर्ज हर्स्ट तेव्हा कौंटीच्या पोरांना घडवत होते. एका हंगामात दोन हजार धावा काढून दोनशे बळी घेणारा हा एकमेव माणूस. किल्नर गेलेला, ऱ्होड्स उतरणीला, जागा फिरकीवाल्याची निघणार हे त्यांना दिसत होतं. त्यांनी व्हेरिटीला फिरकीकडे वळायला सांगितलं. विशीच्या मध्यावर, जी कला येते तिच्यावरच पोट असताना, ती सोडून दुसरी शिकायची! मी पोरांना हे सांगतो तेव्हा त्यांना ते सोपं वाटतं. ज्याने मनगट आणि बोटं नव्याने घडवण्यात हिवाळे घालवले आहेत त्याला विचारा. व्हेरिटीने ते केलं. १९३० साली २५व्या वर्षी तो यॉर्कशायरकडून उतरला आणि त्या हंगामात १२.४२च्या सरासरीने ६४ बळी घेतले. ऱ्होड्सने ते डोळ्यांनी पाहिलं आणि मग तो निवृत्त झाला.

या नोकरीचं अर्थकारण आधी समजून घ्यायला हवं. पैसा सामन्यागणिक. संघात नाव आलं तर कमाई, बोट मोडलं किंवा फॉर्म गेला तर घरी. परगावी सामना असला की रेल्वेभाडं आणि मुक्कामाचा खर्च त्याच मानधनातून. आठवड्यात सहा दिवस क्रिकेट; एक सामना शनिवारी सुरू व्हायचा, दुसरा बुधवारी, आणि मधल्या रात्री रेल्वेत. रविवार सुट्टीचा. कर्णधार चांगल्या कामगिरीला गुण देई, त्यावर वरकड बक्षिसी मिळे. यॉर्कशायरचे तेव्हाचे कर्णधार लॉर्ड हॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या खेळाडूंना हिवाळ्यातही आठवड्याला दोन पौंड द्यायला सुरुवात केली होती. बहुतेक कौंट्यांमध्ये तेही नव्हतं. तिथले खेळाडू सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत मिळेल ते काम करत.

आयुष्यभराची पुंजी म्हणजे बेनिफिट सामना. बऱ्याच वर्षांच्या सेवेनंतर, तोही कमिटीच्या मर्जीने. त्या सामन्याचं उत्पन्न खेळाडूचं. पण खर्चही त्याच्याच माथी, आणि तीन दिवस पाऊस पडला तर नशीब. यॉर्कशायरचा शिरस्ता आणखी कडक: जमलेल्या रकमेतला मोठा हिस्सा क्लबच गुंतवून ठेवी. खेळाडू पैसे उडवील अशी काळजी त्यामागे होती. तिच्यातली माया मला नाकारायची नाही, पण प्रौढ, कर्त्या माणसाला त्याचेच पैसे हाताळता येणार नाहीत हे गृहीतकही त्यात होतं. केंटचा फलंदाज जेम्स सीमूर याच्या १९२० सालच्या बेनिफिटवर सरकारने आयकर मागितला आणि भांडण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १९२७ साली निकाल लागला की ही रक्कम म्हणजे लोकांनी दिलेली भेट, तिच्यावर कर नाही. त्या निकालाने किती घरांची म्हातारपणं सावरली असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

पैशाहून बोचणारी गोष्ट वेगळी होती. क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या: हौशी आणि व्यावसायिक. हौशी म्हणजे खेळण्याचे पैसे न घेणारा, बहुधा मोठ्या शाळेतून आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून आलेला. त्यांची कपडे बदलण्याची खोली वेगळी, अनेक मैदानांवर फाटकही वेगळं. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर. आणि कर्णधार व्हायचा तो हौशीच. व्यावसायिकाकडे इंग्लंडचं कर्णधारपद कधी जाऊ नये अशी इच्छा लॉर्ड हॉक यांनी १९२५ साली जाहीरपणे बोलून दाखवली होती. हिवाळी पगार देणारे हॉक ते हेच. १९२७च्या अखेरीस यॉर्कशायरच्या कमिटीने हर्बर्ट सटक्लिफला कर्णधारपद देऊ केलं, त्यावर गदारोळ झाला, सटक्लिफने नम्रपणे नकार दिला आणि वर्स्ली नावाच्या हौशी खेळाडूची नेमणूक झाली.

या भेदाचा फोलपणा वॉल्टर हॅमंडच्या बाबतीत उघडा पडला. जन्म केंटमधला, म्हणून १९२२ साली ग्लॉस्टरशायरकडून खेळायला त्याला मनाई झाली. वास्तव्याची अट पुरी होईपर्यंत इतका मोठा फलंदाज बसून राहिला. पुढे एका टायर कंपनीने त्याला संचालक केलं, तो कागदोपत्री हौशी झाला आणि १९३८ साली लगेच इंग्लंडचा कर्णधार! बॅट तीच, माणूस तोच.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. डावखुऱ्या फिरकीचा आपला मूळपुरुष बाळू पालवणकर. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करत, साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करत तो घडला. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने शंभरावर बळी घेतले. तरी दलित म्हणून हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. १९२३ साली ते त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. जन्माने ठरणारी आपली उतरंड कितीतरी निर्दय होती, तिची आणि इंग्रजांच्या वर्गभेदाची बरोबरी मी करणार नाही. पण घाम एकाने गाळायचा आणि हुकूम दुसऱ्याने द्यायचा, ही मांडणी दोन्हीकडे होती.

व्हेरिटीने या व्यवस्थेविरुद्ध आवाज उठवल्याची नोंद नाही. त्याने सगळी ताकद कामात घातली. एमट रॉबिन्सन हा संघातला जुना, मुरलेला खेळाडू. दिवसाचा खेळ संपला की हॉटेलच्या खोलीत तो व्हेरिटी आणि बिल बोज या दोन नव्या गोलंदाजांची शिकवणी घ्यायचा. पलंगावर दाढीचा ब्रश, टूथब्रश, कंगवा मांडून क्षेत्ररक्षण लावायचं आणि आज कुठे, कोणता चेंडू चुकला याची झडती. कौंटी क्रिकेटचं खरं विद्यापीठ ते होतं. हर्स्टकडून ऱ्होड्सकडे, ऱ्होड्सकडून रॉबिन्सनकडे, तिथून या पोरांकडे, असं ते ज्ञान तोंडी चालत आलेलं.

आणि मग १२ जुलै १९३२. हेडिंग्ली. समोर नॉटिंगहॅमशायर. वादळी पावसाने मैदान तुंबलेलं, मग ऊन. तेव्हा खेळपट्टी झाकत नसत. भिजलेली माती उन्हाने वरून सुकायला लागली की चेंडू तिला धरतो, उसळतो, वळतो. कांगा लीगमध्ये अशा विकेटवर मी भरपूर खेळलो आहे आणि एक गोष्ट नक्की सांगतो: ओल्या विकेटवर गोलंदाजी आपोआप होते हा फलंदाजांनी पसरवलेला समज आहे. चेंडू इतका वळतो की बॅटची कड चुकवून निघून जातो. फलंदाजाला खेळायलाच लागेल असा टप्पा आणि तितकंच वळण हवं. हाव सुटली की गोलंदाज जास्त फिरवायला जातो, आणि विकेट हातची जाते.

व्हेरिटीला हाव नव्हती. उपाहाराला नॉटिंगहॅमशायर बिनबाद ३८ होतं. ६७ धावांत सगळे बाद. व्हेरिटीचं पृथक्करण: १९.४ षटकं, १६ निर्धाव, १० धावा, १० बळी. त्यात एक हॅट्ट्रिक. प्रथम श्रेणीत डावातले दहाही बळी इतक्या कमी धावांत आजवर कुणी घेतलेले नाहीत. यॉर्कशायरला लागणाऱ्या १३९ धावा सलामीच्या होम्स आणि सटक्लिफ यांनी एकही बळी न देता केल्या.

त्या डावाचा कागद माझ्यासमोर असला की माझी नजर दुसऱ्या टोकाकडे जाते. तिथे जॉर्ज मॅकॉले होता: २३ षटकं, ९ निर्धाव, ३४ धावा, बळी शून्य. कसलेला गोलंदाज, तोही डाव गुंडाळू शकला असता. त्याची २३ षटकं कुणाच्या आठवणीत नाहीत, पण त्याने सैल चेंडू टाकले असते तर फलंदाजांना श्वास घ्यायला जागा मिळाली असती. या पेशाचं मोठेपण मला त्या दोन ओळींत एकत्र दिसतं.

पुढचे हंगाम म्हणजे अखंड राबणूक. १९३३ साली लेटनला एसेक्सविरुद्ध एका दिवसात १७ बळी. १९३४ साली लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध सामन्यात १०४ धावांत १५, त्यातले १४ एकाच दिवशी. विसाव्या शतकात इंग्लंडने लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवलं ते तेवढं एकदाच. १९३५, १९३६, १९३७ या तिन्ही वर्षी दोनशेच्या वर बळी, वर्षाला हजाराहून अधिक षटकं. कसोटीत ब्रॅडमनला त्याने आठ वेळा बाद केलं. १९३९च्या मार्चमध्ये डरबनला वेळेचं बंधन नसलेली कसोटी झाली, तीत पाटा खेळपट्टीवर त्याने दोन डावांत मिळून ७६६ चेंडू टाकले. त्याच्या दहा हंगामांत यॉर्कशायरने सात वेळा कौंटी अजिंक्यपद जिंकलं.

हिवाळ्यात तोही किल्नरसारखा हिंदुस्थानात आला, पण जार्डिनच्या नेतृत्वाखालच्या इंग्लंडच्या कसोटी संघातून. डिसेंबर १९३३, बॉम्बे जिमखाना, आपल्या भूमीवरची पहिली कसोटी. लाला अमरनाथच्या शतकासाठी ती ओळखली जाते. आमच्या फिरकीवाल्यांच्या बिरादरीत तिची आणखी एक आठवण आहे: हिंदुस्थानकडून रुस्तमजी जमशेदजी हा मुंबईचा पारशी डावखुरा फिरकी गोलंदाज ४१व्या वर्षी पहिल्यांदा कसोटी खेळला आणि तीन बळी घेऊन गेला. इंग्लंडच्या बाजूने व्हेरिटी, आपल्या बाजूने जमशेदजी. पुढे मद्रासला व्हेरिटीने पहिल्या डावात ४९ धावांत ७ बळी घेतले, सामन्यात ११. मालिकेत २३.

१९३९चा ऑगस्ट संपताना यॉर्कशायरचा संघ ससेक्सविरुद्ध होव्हला खेळत होता. तो जिम पार्क्सचा बेनिफिट सामना, म्हणून युद्ध तोंडावर आलेलं असूनही पुरा केला. १ सप्टेंबरला जर्मनी पोलंडमध्ये घुसलं. त्याच दिवशी पावसाने भिजलेल्या विकेटवर व्हेरिटीने सहा षटकांत ९ धावा देऊन ७ बळी घेतले. ससेक्स ३३ सर्वबाद. दिवे मालवलेल्या रस्त्यांवरून संघ बसने उत्तरेकडे निघाला आणि लीड्सच्या सिटी स्क्वेअरमध्ये एकेक जण उतरून घरी गेला. तो संघ पुन्हा तसा जमला नाही.

व्हेरिटी ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत अधिकारी झाला. युद्ध येणार हे ओळखून त्याने आधीपासूनच लष्करी पुस्तकं वाचायला घेतली होती. नवी विद्या शिकायची त्याची रीत तीच. १९४२ साली पलटणीबरोबर तो हिंदुस्थानात आला, रांचीला आमांशाने आजारी पडला, पुढे इराण, इजिप्त करत सिसिलीला पोहोचला. तिथे कॅटानियाच्या मैदानी मुलखात, पेटलेल्या शेतातून कंपनी पुढे नेताना जुलै १९४३ मध्ये त्याच्या छातीत गोळी लागली. शत्रूच्या कैदेत, इटलीतल्या कासेर्टा इथे ३१ जुलैला तो वारला. वय ३८. सैन्यात तो कॅप्टन होता. क्रिकेटने ज्याला दहा वर्षांत संघाचं नेतृत्व करायला लायक मानलं नाही, त्याच्या हाती सैन्याने शंभरावर माणसांचे जीव दिले आणि त्याने ते नेतृत्व सर्वांच्या पुढे राहून केलं. मॅकॉलेही युद्धातच गेला. हवाई दलाच्या सेवेत, शेटलंड बेटांवर, डिसेंबर १९४० मध्ये.

व्यावसायिक माणूस रीतसर इंग्लंडचा कर्णधार झाला तो १९५२च्या जूनमध्ये. व्हेरिटीचा तरुण संघसोबती लेन हटन, मैदान हेडिंग्ली, आणि समोर सांगलीच्या विजय हजारे यांचा भारतीय संघ. दुसऱ्या डावात शून्यावर चार बळी गेले ती हीच कसोटी. आपण ती त्या जखमेसाठी लक्षात ठेवतो. इंग्रज व्यावसायिकांच्या दृष्टीने त्या दिवशी एक दार उघडलं होतं. यॉर्कशायरने मात्र व्यावसायिकाला कर्णधार करायला १९६० साल उजाडू दिलं. हौशी-व्यावसायिक हा भेदच १९६२च्या अखेरीस रद्द झाला.

व्हेरिटीच्या नावावर १४.९०च्या सरासरीने १,९५६ बळी आहेत. त्यातले दहा जगाला पाठ आहेत. उरलेले १,९४६ त्याने कामावर जाऊन मिळवले: भिजलेल्या, सुकलेल्या, पाटा खेळपट्ट्यांवर, रात्रीच्या गाडीने उतरून सकाळी मैदानात, हिवाळ्याची चिंता डोक्यात आणि टप्पा मात्र तिथेच. क्रिकेटच्या इतिहासात अशा राबत्या माणसांना कर्णधारांइतकीच पानं मिळाली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, कारण हा खेळ त्यांनी तोलून धरला आणि त्यांनीच पुढच्यांना शिकवला. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना दहा धावांत दहा बळींची गोष्ट ऐकायची असते. मी ती सांगतो. मग मॅकॉलेची २३ षटकं सांगतो, हर्स्टचा सल्ला सांगतो, डरबनचे ७६६ चेंडू सांगतो, आणि त्यानंतरच त्यांच्या हातात चेंडू देतो.